हार्लनची फुली

टेबलाभोवती सहावी खुर्ची मांडलेली दिसली आणि व्हर्ना दारातच थांबली. रविवारी चर्चहून आल्यावर जेवायला पाचच माणसं, हा लेडबेटरांच्या घरचा शिरस्ता होता. तिचे वडील हार्लन, आई ओपल, धाकटा भाऊ ड्वाइट, ती स्वतः आणि तिचा पंचवीस वर्षांचा मुलगा कोल. बाहेरच्या माणसाला या टेबलावर बसवायचं नाही, कारण घरचा धंदा आधी ठरवून खेळायच्या कुस्त्यांचा होता आणि या टेबलावर त्यांच्याबद्दल खरं बोललं जाई. शनिवारी कोण जिंकणार, कोण पडणार, कुणाचं रक्त कितव्या मिनिटाला निघणार, हे चाळीस वर्षं इथेच, तळलेल्या कोंबडीच्या ताटावर ठरत आलं होतं.

सहाव्या खुर्चीवर मिस्टर पेल येऊन बसले. ड्वाइट टेनेसीच्या गव्हर्नरपदासाठी उभा होता आणि त्याच्या प्रचाराची सगळी सूत्रं या माणसाच्या हातात होती. व्हर्नाने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, हा कशाला इथे?"

"पाहुणा आहे. ग्रेव्हीचं भांडं घे."

"पाहुणा जेवायला येतो. हा माणूस जेवायला आलेला नाही."

"तुझ्या भावाला गव्हर्नर करायला आलाय ना? मग खाऊ दे की दोन घास," ओपल म्हणाली आणि पावासारख्या गरम बिस्किटांची टोपली उचलून बाहेर गेली.

प्रार्थनेसाठी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. ओपलने डोळे मिटले आणि नेहमीप्रमाणे शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात हलकेच दाबला. रिंगमधली ही जुनी खूण होती. दोन पैलवान एकमेकांना कवटाळून उभे असतात, प्रेक्षकांना वाटतं आता एकमेकांचा जीव घेणार, आणि आतल्या आत एक जण दुसऱ्याचा हात दाबतो. म्हणजे, ठीक आहेस ना? दुसऱ्याने उलट दाबला की ठीक आहे. नाही दाबला तर सगळं थांबवायचं. ओपलने ही खूण रिंगमधून उचलून जेवणाच्या टेबलावर आणली होती. तिचा दाब एकेकाच्या हातातून पुढे जात टेबलाला फेरी घालून परत तिच्याकडे यायचा, मग ती आमेन म्हणायची.

आज तो परत आला नाही. पेल मध्ये बसले होते आणि त्यांना काही ठाऊक नव्हतं. ओपल थोडी थांबली आणि तशीच आमेन म्हणाली. व्हर्नाला ते अजिबात आवडलं नाही.

"मंगळवारी मतदान आहे," पेल म्हणाले. "आपण सहा टक्के मागे आहोत. लोकांना ड्वाइट आवडतो. पण मत त्या कॅल्डवेलबाईंना देणार."

"मास्तरीण आहे ती," ओपल म्हणाली. "सगळ्यांना शाळेतली भीती अजून असते."

ड्वाइट हसला. एक्कावन्न वर्षांचा झाला तरी त्याचं हसू अजून रिंगमधलंच होतं, मागच्या रांगेपर्यंत पोचणारं. वीस वर्षं तो कुस्तीत चांगला माणूस होता. पांढरे बूट, पांढरी चड्डी, शेवटी नेहमी जिंकणारा. "आज चार वाजता जत्रेच्या मैदानावर सभा आहे," तो म्हणाला. "सगळे चॅनेल येताहेत. मी बोलत असताना गर्दीतून एक जण येतो. अंगात कॅल्डवेलबाईंच्या प्रचाराचा निळा शर्ट. घडीची खुर्ची उचलतो आणि माझ्या पाठीत घालतो. मी पडतो. उठतो तेव्हा कपाळ फुटलेलं असतं. तसाच माइक धरतो आणि बोलतो."

"आणि तो एक जण कोण?" व्हर्नाने विचारलं.

कोल मान खाली घालून बिस्किटाचे तुकडे करत होता. एवढे बारीक, की खायचे नाहीत हे दिसतच होतं.

"कोल?"

"आई, चार सेकंदांचं काम आहे," कोल म्हणाला. "एक फटका. मग गार्ड मला धरून पाडणार, मी पडून राहणार, मागच्या दाराने गाडीत घालून नेणार. टोपी आणि खोटी दाढी आहे. कुणाला कळणार नाही."

"गार्डांना चारपर्यंत मोजायला सांगितलंय," पेल म्हणाले. "त्याआधी ते हलणार नाहीत. कॅमेऱ्यांना तेवढा वेळ लागतो."

"आणि लोकांना?" व्हर्ना म्हणाली. "लोकांना किती मोजायला सांगितलंय?"

हार्लनने काटा खाली ठेवला, पँटमधून शर्ट बाहेर काढला आणि वर केला. बरगड्यांखाली वीतभर लांबीचा पांढरा व्रण होता. घरच्यांनी तो शंभरदा पाहिला होता, पेलने पहिल्यांदा पाहिला.

"अठ्ठ्याहत्तर साल," हार्लन म्हणाले. "तेव्हा मी कर्नल क्रो होतो, काळी टोपी घालणारा. सगळं राज्य मला शिव्या द्यायचं. त्या रात्री मी एका पोराचा डोळा काढतोय असं नाटक चाललं होतं. एक माणूस दोरखंडाखालून आत आला आणि मासे कापायचा सुरा खुपसला. बेचाळीस टाके. माहीत आहे कोण होता? आगीच्या बंबावर काम करायचा. दोन मुलांना त्याने जळत्या घरातून काढलं होतं. तो मला मारायला नव्हता आला, मिस्टर पेल. त्या पोराला वाचवायला आला होता."

व्हर्नाला वाटलं, चला, बाबा आपल्या बाजूने आहेत. कर्नल क्रो नाही म्हणाले तर ड्वाइटची काय बिशाद?

पण पेल आपल्या कामात मुरलेले होते. त्यांनी आवाज खाली आणला. "कर्नल, मी सात वर्षांचा असताना वडिलांनी मला तुमची कुस्ती दाखवली. घरी जाताना गाडीत मी रडत होतो. वाटलं, हा माणूस रात्री खिडकीतून येणार. अजून तुमच्यासारखी भीती मला कुणी घातली नाही. आज तुम्ही पहिल्या रांगेत बसा. ती काळी टोपी घालून. लोक वेडे होतील."

हार्लनचा हात शर्टावर होता तो तिथेच राहिला. व्हर्नाने वडिलांच्या डोळ्यांत बघितलं आणि तिला कळून चुकलं. म्हाताऱ्याला टोपी दिसत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला, रिंग सोडल्यापासूनच्या अकरा वर्षांत, कुणी शिवी दिली नव्हती, आणि त्याची त्याला भूक लागली होती.

"टोपी आहे का गं अजून?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कपाटावर. खोक्यात," ओपल म्हणाली.

"बाबा!" व्हर्ना ओरडली.

"माझी एक अट आहे," हार्लन तिच्याकडे न बघता ड्वाइटला म्हणाले. "काही बिनसलं तर मी फुली करीन. फुली दिसली की तू त्या क्षणी माइकवर सांगायचं, की हे नाटक आहे. निवडणूक गेली खड्ड्यात."

फुली म्हणजे डोक्यावर हात उंच करून मनगटं एकमेकांवर आडवी धरायची. रिंगमध्ये पंचाने फुली केली की पैलवानाला खरोखर लागलंय, खेळ बंद, डॉक्टर बोलवा. हिच्याशी खेळायचं नाही, असा सगळ्या धंद्याचा दंडक. तो मोडला होता एकाच माणसाने. त्र्याऐंशी साली हार्लनने स्वतःच पंचाला फुली करायला लावली आणि ते पाय मोडल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. यातलं काही ठाऊक नसलेला सोळा वर्षांचा ड्वाइट रडत, किंचाळत रिंगमध्ये धावला, आणि कर्नल क्रो हसत उठले नि मदतीला वाकलेल्या पैलवानाच्या तोंडावर त्यांनी ठोसा मारला. अख्खा हॉल पेटून उठला होता. पुढचे सहा शनिवार तिकिटं मिळेनात.

"तुमची फुली, बाबा?" ड्वाइट म्हणाला. "तुमची?"

"आजची खरी."

"बरं. शब्द दिला." ड्वाइटने टेबलावरून हात पुढे करून वडिलांचा हात दाबला. हार्लनने उलट दाबला. व्हर्ना बघत राहिली. घरातली चार माणसं एका बाजूला आणि ती एकटी एका बाजूला, असं पहिल्यांदाच झालं होतं.

*

जेवण झाल्यावर हार्लनने नातवाला मागच्या अंगणात नेलं. पत्र्याची घडीची खुर्ची त्याच्या हातात दिली.

"दाखव."

कोलने खुर्ची डोक्यावर उचलली आणि झाडाला टांगलेल्या गादीवर मारली. आवाज मोठा झाला.

"सपाट बाजूने. शाबास. पाठीच्या वरच्या मांसावर. आवाज सगळा पत्र्याचा, माणसाला फक्त चटका बसतो. कड कधी लागता कामा नये. कडेने माणूस मरतो."

"माहीत आहे हो आजोबा. आठ वर्षांचा होतो तेव्हा शिकवलंत."

"परत ऐकायला काय जातं तुझं?" हार्लन म्हणाले. "घाबरलायस?"

"नाही."

"घाबर थोडा. मी रोज घाबरायचो. टोपीखाली दिसायचं नाही एवढंच."

कोल हसला. "मामा म्हणालाय, निवडून आला की मला न्यूयॉर्कच्या कुस्ती कंपनीत चिकटवून देतो. टीव्हीवर. इथल्या कुस्त्यांत साठ माणसांपुढे किती दिवस पडत राहू मी?"

हार्लनला त्याला थांबवायचं होतं. नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. पण पोराच्या चेहऱ्यावर गर्दीची जी भूक दिसत होती ती त्यांनी स्वतः घरादाराला लावली होती. त्यांनी खुर्चीची घडी करून दिली आणि टोपी झटकायला आत गेले.

*

चार वाजत आले तरी व्हर्ना मैदानाबाहेर गाडीत बसली होती. जिथे गुरांचे लिलाव होतात तोच हा मांडव. खाली लाकडाचा भुसा, वर पत्रे. बावीस वर्षं लेडबेटरांनी इथे रिंग लावली होती आणि हॉलचं बुकिंग, पोलिसांची परवानगी, सगळं व्हर्नाच बघायची. तेव्हा चारी बाजूंनी दोरखंड असायचे, मध्ये सहा फूट मोकळी जागा, त्यात आठ पोलीस. आज मंचाला तीन पायऱ्या होत्या आणि पायरीला टेकून लोक उभे होते. गुरांच्या फाटकातून कुणीही आत येत होतं. कितीतरी जणांच्या कमरेला पिस्तूल होतं, आणि ते झाकायची त्यांना गरज वाटत नव्हती.

तिने शेरिफच्या ऑफिसात फोन लावला. रॉय तिच्या ओळखीचा, वीस वर्षं तिच्या कार्यक्रमांना बंदोबस्त देणारा.

"बोल व्हर्ना. काय म्हणतेस?"

एकच वाक्य बोलायचं होतं. रॉय, निळ्या शर्टातला माणूस माझा मुलगा आहे आणि हे सगळं खोटं आहे. तुम्ही म्हणाल, मग बोलायचं ना बाईने! पण व्हर्ना आठ वर्षांची असताना शाळेतल्या मैत्रिणीला म्हणाली होती, की माझ्या बाबांच्या हाताला प्लास्टर आहे ते खोटं आहे. पुढच्या शनिवारी हॉल अर्धा रिकामा राहिला. वडील तिच्याशी तीन महिने बोलले नाहीत. एकाच टेबलावर बसून, तिच्याकडे न बघता जेवायचे. खरं घराबाहेर न्यायचं नाही, हे तिच्या हाडात गेलं होतं, आणि हाडातली गोष्ट भीतीनेही निघत नाही.

"व्हर्ना? ऐकतेयस ना?"

"गाडी लावायला पश्चिमेला जागा आहे का रे?" ती म्हणाली.

"आहे की. भरपूर."

तिने फोन ठेवला. ती गाडीतून उतरली आणि मांडवाकडे धावत सुटली.

*

पहिल्या रांगेत काळी टोपी दिसताच लोकांनी आरोळी ठोकली होती. कुणी प्रेमाने शिवी हासडली, आणि हार्लनची छाती भरून आली. ती दहा मिनिटं फार चांगली गेली, यासाठी नंतर त्यांना स्वतःला कधी माफ करता आलं नाही.

मग मंचाच्या उजवीकडून निळा शर्ट वर आला. कोलने खुर्ची उचलली, मारली. सपाट, पाठीच्या वरच्या मांसावर, अगदी शिकवल्यासारखी. ड्वाइट तोंडावर पडला आणि त्याचा हात कपाळाकडे गेला. मनगटाच्या पट्टीत दाढीच्या पात्याचा तुकडा होता, रक्त पातळ व्हावं म्हणून सकाळी दोन ॲस्पिरिन घेतलेल्या होत्या. रक्त भळभळून आलं. हार्लन मनात मोजू लागले. एक.

दोन म्हणायच्या आत लोक मंचावर होते. गार्ड कडेला उभे राहून अजून मोजत होते. कोल खाली खेचला गेला. हार्लनला त्याची टोपी उडालेली दिसली, खोटी दाढी एका बाजूने लोंबताना दिसली, पण ती बघायला कुणाला सवड नव्हती. तपकिरी जाकिटातल्या एका माणसाने तीच खुर्ची उचलली. चांगला माणूस असावा, शेजारी बायको होती, ती रडत होती. त्याने खुर्ची घडी केलेली, उभी धरली. कड खाली.

"सपाट धर!" हार्लन ओरडले. "अरे, सपाट!"

खुर्ची खाली आली. पत्र्याचा आवाज झालाच नाही.

हार्लन आपल्या खुर्चीवर चढले. त्यांनी दोन्ही हात वर केले, मनगटं आडवी धरली आणि जीव तोडून उभे राहिले.

*

ड्वाइट उठला तेव्हा एक डोळा रक्ताने मिटला होता. माइक हातात आला. समोरचा आवाज त्याने आयुष्यात असा ऐकला नव्हता. तो आवाजाचा दर्दी होता. लहानपणापासून पडद्यामागे बसून त्याने गर्दी ऐकली होती, कधी खूश, कधी चिडलेली, पण तिकिटाचे पैसे दिलेली. आज ती जमिनीतून येत होती. पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. क्षणभर त्याला भीती वाटली, अगदी खरी. मग वाटलं, हे तर आपणच केलंय.

आणि डोक्यांच्या समुद्रावर त्याला काळी टोपी दिसली. म्हातारा खुर्चीवर उभा होता. हात वर, मनगटं आडवी, तोंड वासलेलं, गालांवर पाणी.

ड्वाइटला हसू फुटलं. बाबा! सोळाव्या वर्षी रिंगमध्ये रडत धावलेला मुलगा त्याच्या आत अजून होता आणि त्याने शपथ घेतली होती, की या फुलीला पुन्हा फसायचं नाही. जेवताना शब्द काय घेतला, अट काय घातली! सगळं यासाठी. म्हाताऱ्याला काही बाहेर बसवत नाही. खेळ चढवायचा कसा ते अजून याच्याकडूनच शिकावं.

त्याने वडिलांकडे बघून किंचित मान हलवली, बरं झालं केलंत म्हणून, आणि बोलायला सुरुवात केली. कॅल्डवेलबाईंनी आज आपला खरा चेहरा दाखवला, तो म्हणाला. हे रक्त माझं नाही, तुमचं आहे, तो म्हणाला. चार मिनिटं तो बोलला, आणि त्या चार मिनिटांत खाली डावीकडे काय चाललं होतं, तिकडे एकाही कॅमेऱ्याने मान वळवली नाही.

*

व्हर्नाला गर्दी फोडून पोचायला तेवढाच वेळ लागला. लोक बाजूला झाले होते. आपण केलेल्या गोष्टीपासून लोक जसे दोन पावलं मागे सरतात तसे. तपकिरी जाकिटातला माणूस बायकोला म्हणत होता, "मी त्याला वाचवलं ना? तू बघितलंस ना?"

कोल पालथा होता, गाल भुशात. मानेवर रक्त फार नव्हतं. डोळे अर्धवट उघडे होते. व्हर्ना गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. गरम होता. तिने दाबला. थांबली. आजूबाजूला लोक ड्वाइटच्या नावाचा घोष करत होते. तिने पुन्हा दाबला.

"कोल," ती म्हणाली. "बाळा, दाब ना रे."

पलीकडून हार्लनचा आवाज येत होता, डॉक्टर, डॉक्टर. आणि त्यांच्या आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते. कर्नल क्रो अजून रंगात आहे, असं कुणीतरी म्हणालं.

भाषण संपलं होतं. ड्वाइट पायऱ्या उतरून आला आणि त्याच्यामागे सगळे कॅमेरे आले. हल्लेखोरापाशी तो गुडघे टेकून बसला. हे आधी ठरलेलं नव्हतं, त्याला ते तिथेच सुचलं. "मी याला माफ करतो," तो मोठ्याने म्हणाला, आणि बायका हुंदके देऊ लागल्या.

मग कॅमेऱ्यांकडे पाठ करून तो बहिणीच्या कानाशी वाकला. त्याच्या कपाळाचं रक्त तिच्या बाहीवर ठिबकलं.

"झकास पडलाय गं पोरगा," तो कुजबुजला. "गाडी येईपर्यंत उठू नको म्हणावं."

व्हर्नाने त्याच्याकडे बघितलं. तिने भावाचं मनगट धरलं, त्याचा हात ओढला आणि कोलच्या हातात ठेवला.

"दाब," ती म्हणाली.

"अगं, कॅमेरे..."

"दाब, ड्वाइट."

ड्वाइटने दाबला. चेहऱ्यावर अजून ते मागच्या रांगेपर्यंत पोचणारं हसू होतं, कारण ते काढून ठेवायला त्याला वेळच मिळाला नव्हता. तो थांबला. मग त्याने पुन्हा दाबला, या वेळी दोन्ही हातांनी.